नऊ मजले आणि एक मोजा

मी मोजा बोलतोय. नाक धरू नका. पायात मी सगळं मिळून सहा महिनेही नव्हतो. बाकीचं आयुष्य माझं ड्रॉवरमध्ये आणि तोंडासमोर गेलं.

'नऊ मजले' नावाचा हिप-हॉप अल्बम तुम्ही ऐकला असेल. नसेल ऐकला तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या बाजूने फार लोक आहेत. त्यातली पहिली नऊ गाणी माझ्यातून गाळून बाहेर आली आहेत. त्यातला एकेक प, एकेक फ, एकेक भ मी तोंडावर झेललाय. शिव्यांमध्ये हीच अक्षरं जास्त असतात, हे मला तेव्हा कळलं.

पण पहिल्यापासून सांगतो.

एका कारखान्यात यंत्राने मला विणलं. एका बाईने टोक शिवून बंद केलं. दुसरीने अगदी माझ्यासारखाच एक माझ्यावर ठेवला आणि दोघांतून एक दोरा ओवला. झाली जोडी. मोज्यांत डावा-उजवा नसतो, थोरला-धाकटाही नसतो. पण तो वर होता आणि मी खाली, म्हणून त्याला मी थोरला मानला. त्याने नाही म्हटलं नाही.

आम्ही पांढरे, वर निळी पट्टी. शाळेच्या गणवेशातले. ज्याच्यासाठी आणले तो सातवीत होता आणि त्याच्या पायांची वाढ त्याच्या अकलेपेक्षा पुढे चालली होती, म्हणून आईने दोन मापं मोठेच घेतले. सातवीच्या मध्यावर मास्तरांनी त्याला बाकावर उभा केला. तो बाकावरून उतरला तो थेट घरी आला. परत गेला नाही. म्हणून माझं शिक्षणही अर्धी सातवी. लिहिताना काही चुकलं तर पोटात घाला.

घरी त्याला फ्यूज म्हणायचे, कारण दोन मिनिटांत उडायचा. हे नाव ठेवलं त्याच्या मोठ्या भावाने. मोठा भाऊ सात वर्षांनी मोठा, लिफ्ट दुरुस्त करायचा. गाणी म्हणताना त्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं ओव्हरलोड. लिफ्टमध्ये जास्त माणसं घुसली की जो भोंगा वाजतो, ते नाव. वडील फोटोत होते. आई एका लाँड्रीत कामाला होती. तिला कुठलाही डाग दाखवा, ती नुसतं बोट फिरवून सांगायची की हा चहाचा, हा शाईचा, हा खोटं बोलून आलेल्या माणसाच्या घामाचा. आणि काढून दाखवायची. घरी आल्यावरही तिचे हात थांबायचे नाहीत. जे हाताला लागेल ते धुवून टाकायची. पाहुणे बसल्या बसल्या रुमाल खिशात लपवायचे.

चार वर्षं आम्ही दोघे ड्रॉवरमध्ये पडून होतो. मग घरात माईक आला.

माईक जुना होता. कुठल्या तरी जादूगाराचा, ज्याने जादू सोडून मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. ओव्हरलोडने त्यात पहिली ओळ म्हटली आणि 'प' आला की स्पीकरमधून कोणी सिमेंटची गोणी आपटल्यासारखा आवाज यायला लागला. फ्यूज म्हणाला, तोंडातला वारा अडवायला मध्ये काहीतरी कापड पाहिजे. हँगरची तार वाकवून त्याने वर्तुळ केलं, ड्रॉवर उघडला, मला उचललं आणि त्या वर्तुळावर असा ताणला की माझी निळी पट्टी कानाच्या पाळीसारखी लोंबायला लागली. अशा रीतीने मी संगीत क्षेत्रात आलो.

थोरला ड्रॉवरमध्ये एकटा राहिला. दुसऱ्या दिवशी ओव्हरलोडने त्याला हात पुसायला म्हणून हत्यारांच्या पिशवीत टाकला. त्यानंतर तो दिवसभर लिफ्ट जिच्यातून वर-खाली होते त्या विहिरीत, मशीन रूममध्ये, ग्रीसमध्ये. मी कपाटात. आमची भेट आठवड्यातून एकदा व्हायची, पिशवी कपाटाशेजारी टेकवली तर. तो दर वेळी आधीपेक्षा काळा असायचा आणि त्याला त्याचं काही नसायचं.

कपाट हाच स्टुडिओ होता. पत्र्याचं, आत गोधड्या आणि सगळ्यांचे कपडे. कपड्यांत आवाज घुमत नाही. ओव्हरलोड कपाटात डोकं घालून, पाठ आणि बाकीचं शरीर खोलीत ठेवून म्हणायचा. पाठीमागून बघणाऱ्याला वाटलं असतं माणूस शर्ट शोधतोय आणि सापडत नाही म्हणून कपाटाला शिव्या देतोय. वेळ रविवारची दुपार, दोन ते चार. त्या वेळात वरच्या मजल्यावरचा सुतार जेवून झोपायचा. तिसऱ्या गाण्यात तेविसाव्या सेकंदाला एक शिंक आहे. लोकांनी तिचे फार अर्थ लावलेत. ती डांबरगोळी आहे.

आता अल्बमची कल्पना. ओव्हरलोडकडे चौदा लिफ्ट होत्या, त्यातल्या एका इमारतीला नऊ मजले. नऊ मजल्यांची नऊ गाणी. ऐकणारा तळाशी लिफ्टमध्ये शिरतो आणि वर वर जातो. पहिल्यावरची म्हातारी, जी दहा वर्षांत एकदाही वर गेली नाही पण कोण कधी वर जातं ते तिला पाठ. तिसऱ्यावरचे काका, जे लिफ्टचं बटण छत्रीच्या टोकाने दाबतात. सहाव्यावरच्या दोन जावा, ज्या एका लिफ्टमध्ये शिरत नाहीत, म्हणून रोज सकाळी लिफ्ट दोनदा जाते. आठव्यावरचा तो माणूस, ज्याची नोकरी जाऊन सहा महिने झाले तरी जो रोज इस्त्रीचे कपडे घालून साडेनऊला खाली उतरतो. हे सगळं ओव्हरलोडला माहीत होतं, कारण लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस कोणाला दिसत नाही. लोक त्याच्यासमोर भांडतात.

गाणी क्रमानेच ऐकायची, असा त्याचा हट्ट होता. एकदा मिस्त्रीकाकांनी, म्हणजे त्याला काम शिकवणाऱ्या माणसाने, मध्येच सहावं लावलं. ओव्हरलोड म्हणाला, "काका, पाच मजले काय उडी मारून आलात?"

बीट फ्यूजचे. तो भावाबरोबर लिफ्टच्या टपावर बसून जायचा आणि मोबाइल धरून आवाज गोळा करायचा. दाराचा धडाका, आतल्या खटक्याची टकटक, दोर ताणला की येतो तो कण्हल्यासारखा सूर. ओव्हरलोडचा भोंगाही त्यातच. शाळेने ज्याला दोन ओळी नीट लिहायला शिकवल्या नाहीत त्याने एका बिघडलेल्या दाराच्या आवाजातून पूर्ण चौथं गाणं उभं केलं. ओव्हरलोड सगळ्यांना सांगायचा की अल्बम माझ्या भावाचा आहे, मी फक्त आत उभा राहून बडबडतो. फ्यूजच्या तोंडावर मात्र कधी नाही बोलला. तोंडावर म्हणायचा, गाढवा, दुसरं कडवं हळू घे.

मला आवडती ओळ दुसऱ्या मजल्यावरची:

*तू दाबतोस बटण, मी दाबतो राग,*
*तुझी लिफ्ट वर, माझी खाली भागाभाग.*

यात भ दोनदा आहे. माझा विचार कोणी केला नाही.

नऊ झाली. दर लिफ्टमध्ये एक चौकट असते, तिच्यात एक कार्ड. मागची सर्व्हिस कधी झाली, पुढची कधी. ओव्हरलोडने त्या फेरीत चौदाही कार्डांवर स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं: 'पुढची सर्व्हिस २६ तारखेला. गाणी घेऊन येतो.' प्रकाशनाची जाहिरात म्हणतात ती हीच. कंपनीला कळलं असतं तर त्याला विहिरीतच सोडला असता.

आणि मग दहाव्यावरून वाजलं.

रविवार होता, सुतार झोपला होता. ओव्हरलोड म्हणाला, अजून एक राहिलं, गच्चीचं. आणि त्याला बीट नाही.

फ्यूज म्हणाला, "बीट नाही म्हणजे मी नाही."

"अरे तूच म्हणायचंस ते."

"मी गातो का? लोकांना हसायला पाहिजे म्हणून?"

"आधी ऐकून तर घे."

फ्यूजने काय केलं असेल? हेडफोन कानाला लावला. नुसताच. वायर कशालाच जोडलेली नव्हती. मी हँगरवरून बघत होतो. ओव्हरलोड त्याच्यासमोर हात हलवून काहीतरी समजावत राहिला आणि हा तिथे बसून शांतता ऐकत राहिला. शेवटी ओव्हरलोडने हात खाली टाकले.

सोमवारी दोघे बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी ओव्हरलोडने पिशवी खांद्यावर टाकली आणि दारातून विचारलं, "फ्यूज, येतोस? गच्चीवर काम आहे."

फ्यूज गादीवर पालथा होता. "नाही येत."

पाण्याचा टँकर उलटा मागे येत होता, मागे बाइकवर ओव्हरलोड होता आणि टँकरवाल्याने आरशात बघितलं नव्हतं. साडेदहाला. एवढंच मला माहीत आहे. मला जास्त माहीत करून घ्यायचं नाही.

नंतर घर माणसांनी भरलं. मी कपाटाच्या दारावर लटकलेला, मला सगळं ऐकू यायचं. माणसं अशा वेळी काय बोलतात ते कोणीतरी रेकॉर्ड केलं पाहिजे. एक मामा हेल्मेटवर पाऊण तास बोलले. ओव्हरलोडने हेल्मेट घातलं होतं. कोणी म्हणालं, चांगली माणसं देवाला लवकर लागतात. असं असेल तर तो मामा नव्वदीपर्यंत कुठेही जात नाही. आत्याने रडता रडता चहाचे कप मोजले आणि एक कमी आहे हे तीन जणांना सांगितलं. एकाने फ्यूजच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, आता तू घरातला मोठा. फ्यूज उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बसला. बादली भरली, वाहायला लागली, तरी कोणी त्याला हाक मारली नाही. चांगलं केलं.

माणसं गेल्यावर तो माझ्याकडे यायचा.

म्हणजे कपाटाकडे यायचा, पण मला हँगरसकट नाकाला लावायचा. दोन वर्षांची थुंकी होती माझ्यात. मी पिवळा पडलो होतो, मधोमध कडक झालो होतो. मला चहाचा, लवंगेचा, सर्दीचा वास होता. इतका घाणेरडा मोजा कोणी इतक्या जपून धरला नसेल. गाणी मात्र त्याने उघडली नाहीत. लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवला होता, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा. मिस्त्रीकाकांचे फोन आले, कार्डांवर तारीख लिहिली आहे, लोक विचारतायत. त्याने फोन उलटा ठेवला.

वीस तारखेला आईने मला धुतला.

तिच्या बाजूने बघा. ती कामावर परत जाऊ लागली होती आणि घरी आली की हात थांबत नव्हते. पडदे धुतले, गोधड्या धुतल्या, पायपुसणं धुतलं. मग कपाटाच्या दाराला एक पिवळा, कडक, वास मारणारा मोजा तिला दिसला. तिने मला तारेवरून सोडवला, गरम पाण्यात घातला, साबण लावला आणि तिच्या हातात जी काय जादू आहे ती सगळी माझ्यावर वापरली. दोन वर्षांच्या सगळ्या ओळी मोरीतून खाली गेल्या. मी दोरीवर गेलो तेव्हा नवा दिसत होतो. मला स्वतःचीच ओळख पटेना.

फ्यूज आला, दारावर मोकळं वर्तुळ दिसलं, मग दोरीवर मी दिसलो.

"आई, हा कोणी धुतला?"

"मी. केवढा घाण झाला होता."

"ती घाण नव्हती. दादा होता तो."

नंतर तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. भ पुष्कळ होते आणि या वेळी मध्ये मी नव्हतो. आईला कोणी असं बोलत नाही. आईने ऐकून घेतलं. तिचे हात ओलेच होते, ते तिने पुसले नाहीत. तो थांबल्यावर ती म्हणाली, "मला सांगायचं होतंस ना रे. तो कुठे कुठे उरलाय, मला काय माहीत? मी त्याचे सगळे शर्ट धुवून बसले."

फ्यूज जमिनीवर बसला. तीही बसली. दोघांच्या मध्ये माझ्यातलं पाणी टपटप गळत होतं. आजपर्यंत मी झेलत आलो होतो, त्या दिवशी मी ठिबकत होतो.

मग आई म्हणाली, तुमचं ते काय आहे ते मला ऐकव. तिने ती गाणी कधीच ऐकली नव्हती. बंद दाराआडून कपाटातली बडबड तेवढी ऐकली होती. फ्यूजने टॉवेल काढला. पहिल्यापासून लावलं, क्रमाने. आईने नऊच्या नऊ ऐकली. शिव्या आल्या की ती भिंतीकडे बघायची. सहाव्यावरच्या जावा आल्या तेव्हा हसली, आणि हसू आलं याची तिला भीती वाटल्यासारखी थांबली. शिंकेला म्हणाली, डांबरगोळी. नववं संपलं, लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि शांत झालं.

"आणि गच्ची?" आईने विचारलं.

तेव्हा फ्यूजने पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. की दहावं माझं होतं. की त्याने मला बोलावलं होतं, दारात उभं राहून. की मी नाही येत म्हणालो. त्याला वाटत होतं की तो दादाबरोबर गेला असता तर दोघे दोन मिनिटं उशिरा निघाले असते, त्याला चपला सापडायला तेवढा वेळ लागतोच, आणि टँकर निघून गेला असता. आई म्हणाली, "किंवा दोघेही गेला असतात." मग म्हणाली, "मला तो हिशेब करायचा नाही. तूही करू नकोस." ते त्याला पटलं असं नाही. अजूनही पटलेलं नाही. पण तो त्या दिवशी जेवला.

तेवीस तारखेला मिस्त्रीकाका पिशवी घेऊन आले. टँकरखाली सापडलेली ती. त्यांनी इतके दिवस ती आपल्याकडे ठेवली होती, कारण कशी द्यायची ते त्यांना कळत नव्हतं. आणून टेबलावर ठेवली, पाणी प्यायले, उभेच राहिले. पिशवीत टेस्टर, नटबोल्टचे पाने, बॅटरी, कामाची डायरी. आणि तळाशी माझा थोरला. डांबरासारखा काळा, ग्रीसने लाकूड झालेला. मी दोरीवर होतो, स्वच्छ. त्याने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

आईने त्याच्याकडे बघितलं. हात पुढे गेला. आईने हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला.

डायरीत लिफ्टच्या नोंदी होत्या. शेवटच्या लिहिलेल्या पानावर ही होती:

'१०. गच्ची. लिफ्ट इथपर्यंत येत नाही. पुढे चालत. पायऱ्या १८, मोजल्या. बीट नको. फ्यूज चढेल आणि बोलेल. त्याचा दम हाच बीट. मोजा काढायचा, दम ऐकू आला पाहिजे. भडकेल. मंगळवारी गच्चीवर नेऊन दाखवतो, मग कळेल.'

माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा कागदावर आलं आणि काय म्हणून आलं, तर काढायचा.

फ्यूजने ते चार वेळा वाचलं. वाचायला त्याला वेळ लागतो. मग म्हणाला, "असं होतं तर नीट सांगायचं ना, गाढवा." पान डोळ्यांवर धरून बसला. मिस्त्रीकाका खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत आहे.

पंचवीस तारखेच्या दुपारी तिघं त्या नऊ मजली इमारतीत गेली. आईने मला वर्तुळावर ताणून सोबत घेतलं होतं. लागला तर असावा, म्हणाली. ओव्हरलोडची पिशवीही तिच्या खांद्याला होती. लिफ्ट नवव्यापर्यंत गेली. पुढे जिना. मिस्त्रीकाकांनी लॅपटॉप दोन्ही हातांवर परातीसारखा धरला, फ्यूजच्या हातात माईक, वायर दोघांच्या मध्ये. फ्यूज पहिली पायरी चढला आणि काका म्हणाले, "थांब. चपला वाजतायत. गाण्यात चपला नकोत."

चपला काढल्या. वरचं दार दिवसभर उघडं असतं, पायऱ्यांवर थेट ऊन. त्याने पाय ठेवला आणि तव्यावर ठेवल्यासारखा उचलला. जे तोंडात आलं ते रेकॉर्ड झालं, नंतर कापावं लागलं.

आईने मला वर्तुळावरून काढला. पिशवीतून थोरल्याला काढला. दोन वर्षं ताणून मी मोठ्या मापाचा झालो होतो, तो ग्रीसने. तिने खाली बसून आम्हाला त्याच्या पायांत घातलं, सातवीत घालायची तसं. माझी टाच त्याच्या तळव्याच्या मध्यावर आली. पण आलो. एका पायात पांढरा, एका पायात काळा.

तो अठरा पायऱ्या चढला. दर पायरीला थांबून एक बोलला. गाणं नव्हतंच ते, यमकही कुठे नव्हतं.

*एक. दादा, तुझा निळा शर्ट मी फाडला. उंदीर नव्हता.*
*दोन. हेडफोन कशालाच जोडलेला नव्हता. मला ऐकू येत होतं.*
*तीन. चौथं गाणं तुला आवडलं हे मला मिस्त्रीकाकांनी सांगितलं. तू सांगायचंस.*

पुढची तुम्ही अल्बमवरच ऐका. काही आईबद्दल आहेत, त्या ती ऐकते तेव्हा मी कान झाकून घेतो. अकरावीला त्याचा आवाज फुटला. चौदावीला तो काहीच बोलला नाही, नुसता दम आहे, आणि ती पायरी सगळ्यात चांगली आहे. मी पायाखाली होतो, माझ्या कामाच्या जागी मी नव्हतो, त्यामुळे एकेक श्वास सरळ माईकवर आदळत होता. माझं सगळं आयुष्य जे अडवण्यात गेलं तेच त्या दिवशी पाहिजे होतं. थोड्या वेळाने मला त्याचं वाईट वाटायचं थांबलं. प्रत्येक पायरीला माझा थोरला पुढे पडायचा, मग मी, मग तो.

*अठरा. आलो.*

दुसरा टेक घेतला नाही.

सव्वीसला प्रकाशन झालं. मिस्त्रीकाकांनी त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्पीकर बसवला आणि सोसायटीला सांगितलं की तपासणी चालू आहे. मजल्याला एक गाणं. सेक्रेटरींनी येऊन विचारलं, ही कसली तपासणी, यात शिव्या आहेत. काका म्हणाले, जुन्या लिफ्ट अशाच असतात. पहिल्यावरची म्हातारी दहा वर्षांत पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसली, खुर्ची घेऊन, आणि पाच फेऱ्या उतरलीच नाही. तिसऱ्यावरचे काका चिडले, माझं गाणं काढून टाका म्हणाले. संध्याकाळी मेव्हण्याला घेऊन ऐकवायला आले, छत्रीसकट. सहाव्यावरच्या जावा एकाच लिफ्टमध्ये अडकल्या, कारण दोघींनाही गाणं अर्धं सोडवेना. बोलल्या नाहीत. पण उतरल्या एकत्र. आठव्यावरचा माणूस आपलं गाणं शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. कार्डाच्या चौकटीवरची धूळ बाहीने पुसून गेला.

इंटरनेटवर पहिल्या दिवशी एकशे बारा वेळा ऐकलं गेलं. त्यातल्या चाळीस वेळा आत्या.

दहावं लिफ्टमध्ये वाजत नव्हतं. नवव्यावर दार उघडायचं आणि आवाज बंद. ज्याला ऐकायचं त्याने उतरून जिन्याने गच्चीपर्यंत चालत जायचं, तिथे एक छोटा स्पीकर. बरेच लोक चढले नाहीत. आई चढली. वरच्या पायरीवर बसून तिने सगळं ऐकलं, 'आलो'पर्यंत. फ्यूज खाली उभा होता, तिच्या तोंडाकडे बघत, निकाल लागायचा असल्यासारखा.

"किती दम लागतो रे तुला," ती म्हणाली. "सिगारेट ओढतोस?"

"नाही."

"तोही असंच म्हणायचा."

आणि तिने शेजारची जागा हाताने झाडली, त्याला बसायला.

आता मी ड्रॉवरमध्ये आहे. थोरला आणि मी एकात एक गुंडाळलेले, आईने केलेला गोळा. माईकसमोर आता विकतची जाळी आहे, काळी, वाकवता येणारा दांडा असलेली. तिला शिव्यांची सवय नाही, होईल. फ्यूज दुसरं काहीतरी करतोय, कपाटात डोकं घालून. पाठीमागून अगदी भावासारखा दिसतो. आई कधी कधी दारात उभी राहते आणि मग आवाज न करता जाते.

माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणाची खुर्ची, टोपी, वाटी, काही मळलेलं असेल तर घाई करू नका. आधी विचारा, हे काय आहे. आणि कोणी दारात उभं राहून 'येतोस?' म्हणालं तर, चपला सापडत नसल्या तरी, जा.

थोरल्याचं ग्रीस माझ्यात उतरायला लागलंय. टाचेपाशी आधी एक टिंब होतं, आता पंजाभर झालंय. परवा आईने ड्रॉवर उघडला, आम्हाला हातात घेतलं, बोट फिरवलं. जगातला कुठलाही डाग काढणारी बाई ती. गोळा थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

मग होता तसा परत ठेवला.